दोन्हीकडे चालणारं कार्ड

"इथे करमतं का हो?" असं कुणी विचारलं की काकूंना राग यायचा. ऑकलंडमधल्या कुठल्याही मराठी घरी सत्यनारायण असो की वाढदिवस, भारतातून मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना सोफ्यावर ओळीने बसवलेलं असे, आणि येणारा प्रत्येक जण वाकून हाच प्रश्न विचारी. बाकीचे "करमतं की, नातवंडांत वेळ जातो" म्हणून मोकळे होत. काकू मात्र पर्स उघडत, आतल्या कप्प्यातून एक कार्ड काढत आणि विचारणाऱ्याच्या नाकासमोर धरत.

"मी मेंबर आहे," त्या म्हणत. "हे दोन्हीकडे चालतं. इथे, आणि इंग्लंडातसुद्धा."

विचारणारा गोंधळून शेजारच्या आजोबांकडे वळे.

कार्ड होतं जुन्या वास्तू जपणाऱ्या इथल्या एका संस्थेचं. वर्षाची वर्गणी भरली की त्यांच्या ताब्यातली सगळी जुनी घरं तिकिटाशिवाय बघता येत. शिवाय इंग्लंडमधल्या तसल्याच एका मोठ्या संस्थेशी त्यांचा परस्पर करार होता. इथल्या सभासदाला तिथे दार उघडं, तिथल्याला इथे. तिकडची वर्गणी बरीच जास्त, इकडची कमी आणि म्हाताऱ्यांना तर आणखी कमी. हे सगळं काकूंनी लायब्ररीत बसून स्वतः शोधून काढलं होतं. आणि मग मुलाला न विचारता, लायब्ररीतल्याच एका बाईंच्या मदतीने, त्या मेंबर होऊन आल्या होत्या.

"अगं आई, पण इंग्लंडला चाललंय कोण?" मुलाने विचारलं होतं.

"कार्ड तयार असू दे. माणसाचं नंतर बघता येतं."

हिल्सबरो नावाच्या उपनगरात उतारावर त्यांचं घर होतं. वर काकू, त्यांचा मुलगा, सून आणि नात. खालच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. माझा नवरा काकूंच्या मुलाच्याच ऑफिसात कामाला होता. मी लग्न करून नुकती आलेली, नोकरीसाठी अर्ज करायचे आणि उत्तरांची वाट बघायचे. आम्ही राहायला आलो त्या दिवशी काकू न बोलावता खाली आल्या. अंगावर नऊवारी नाही, पाचवारीच, पण तिच्यावर मुलाचं फ्लीसचं जाकीट आणि पायांत लोकरी मोज्यांवर चढवलेल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. त्यांनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "ओल आहे. थंडी वाजली तरी सकाळी खिडकी उघडायची. आणि पलंग भिंतीपासून लांब ओढा, गादीला बुरशी येते."

घर त्यांच्याच मुलाचं होतं, पण त्या ज्या सुरात बोलल्या, त्यावरून ओल मीच माहेराहून आणली असावी असं वाटलं.

सांगलीत मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर होत्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथे काढली. त्यामुळे कुठल्याही घरात शिरलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ते वसतिगृहच होऊन जायचं. माणसं किती, संडास किती, हवा कुठून येते, उष्टं-खरकटं कुठे जातं. सुनेच्या स्वयंपाकघरात त्यांनी असं काही बोलायचं नाही, असा घरात अलिखित ठराव झालेला होता, आणि काकू तो मोठ्या कष्टाने पाळत. मग ती सगळी कोंडलेली तपासणी बाहेर कुठेतरी करायला हवीच होती.

एका शनिवारी त्या म्हणाल्या, "तुला गाडीची प्रॅक्टिस हवी आहे ना?"

हवी होती. लायसन्स मिळालं होतं, पण मोटरवे दिसला की माझ्या तळव्यांना घाम सुटायचा. नवरा शेजारी बसला की आम्ही भांडायचो.

"मग असं करू. तू गाडी चालव, मी शेजारी बसते. मला गाडीतलं काही कळत नाही, त्यामुळे मी ओरडणार नाही. तुझी प्रॅक्टिस, माझी घरं. परस्पर!"

'परस्पर' हा त्यांचा तेव्हापासूनचा लाडका शब्द. शेजारचा म्हातारा त्याच्या झाडाची लिंबं कुंपणावरून द्यायचा आणि काकू त्याला त्याच लिंबांचं लोणचं परत करायच्या, तेही परस्पर. नात मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची, तर काकू तिचं इंग्रजी समजून मराठीत उत्तर द्यायच्या. "हापण करारच आहे," त्या म्हणत. "दोघींचं भागतं."

तर आम्ही दर शनिवारी निघू लागलो. घरं म्हणजे राजवाडे नव्हेत. शेदीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेल्या पाद्र्यांची, व्यापाऱ्यांची, वकिलांची लाकडी घरं. इथल्या कौरी वृक्षाच्या लाकडाच्या पिवळसर भिंती, पुढे व्हरांडा, आत दोऱ्या लावून अडवलेल्या खुर्च्या. दारात बहुधा एखाद्या निवृत्त बाई व्हॉलंटिअर म्हणून बसलेल्या असत. काकू आधी जँडल्स काढून दाराशी जोडीने ठेवत, मग हात जोडून माओरी भाषेत "किआ ओरा" म्हणत आणि मग कार्ड पुढे करत. कार्ड हातात घेऊन ती बाई "ओह, यू आर अ मेंबर!" म्हणाली की काकूंची मान जराशी वर जायची. मी त्यांची पाहुणी म्हणून तिकीट काढून मागे उभी राहायची.

पुढचा दिवाणखाना त्या एका नजरेत संपवत. "दिवाणखाना सगळेच आवरतात गं," त्या माझ्या कानात सांगत. "घर बघायचं ते मागून." आणि त्या थेट स्वयंपाकघर गाठत. लोखंडी चुलीचं दार उघडून बघत. पलंगाखालचं चिनी मातीचं भांडं बघून विचारत, "आणि हे सकाळी कोण रिकामं करायचं?" एका घरात मालकाच्या मुलांचा आकडा ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला आणि त्या सभ्य बाईंना विचारलं, "सो मेनी चिल्ड्रन, वन टॉयलेट?" त्या बाईंनी घाईघाईने पियानोची माहिती द्यायला सुरुवात केली.

मला आधी लाज वाटायची. मी पुण्यात वाढलेले, शाळेच्या सहलीत गाईड सांगेल तिकडे बघायची सवय. पण हळूहळू माझ्याही लक्षात येऊ लागलं, की पियानो सगळ्या घरांत सारखेच दिसतात, आणि चुलीजवळची फरशी मात्र प्रत्येक घरात वेगळ्या जागी झिजलेली असते.

एक प्रश्न त्या प्रत्येक घरी विचारत. "कामाची मुलगी कुठे झोपायची?"

बहुतेक ठिकाणी उत्तर मिळे: माळ्यावर, मागच्या खोलीत, किंवा माहीत नाही. हार्बर ब्रिज ओलांडून उत्तरेला गेलं, की एका उपसागराच्या काठी एक दुमजली घर होतं. तिथे जॉय नावाच्या बाई बसत. सत्तरीच्या, काटक, गळ्यात चष्मा. काकूंनी प्रश्न विचारल्यावर जॉय म्हणाल्या, "स्वयंपाकघरामागे एक खोली आहे, पण ती बघण्यासाठी नाही. आम्ही तिथे झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर ठेवतो."

"आय वॉन्ट टू सी."

"तिथे बघण्यासारखं काही नाही, डिअर."

"आय वॉज हॉस्टेल रेक्टर," काकू म्हणाल्या. त्यांच्या मते एवढं पुरेसं होतं.

जॉयने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. शेवटी त्यांनी किल्ली आणली.

खोली खरंच लहान होती. आडवं झोपलं तर पाय दाराला लागावेत एवढी. खिडकी होती, पण ती बाहेर उघडत नव्हती, स्वयंपाकघरात उघडत होती. म्हणजे आतल्या मुलीला दिसायची ती चूल. काकू बादल्या आणि झाडूंच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. मी वाट बघत होते की आता हवा, ओल, बुरशी यांवर काहीतरी येणार. पण त्यांनी भिंतीला हात लावला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. मग जॉयने आपण होऊन एक बादली उचलली, बाहेर नेऊन ठेवली आणि परत येऊन दुसरी उचलली.

परतीच्या वाटेवर पुलावर भरपूर गाड्या होत्या. मी स्टिअरिंग घट्ट धरलेलं. काकू समोर बघत म्हणाल्या, "मी इंग्लंडात सहा महिने राहिलेय, तुला माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या मुलालाही फक्त "आई लग्नाआधी एकदा मावशीकडे जाऊन आली होती" एवढंच माहीत होतं.

झालं होतं असं. दोघी बहिणींत काकू थोरल्या, शालू धाकटी. शालूला डॉक्टर नवरा मिळाला, इंग्लंडात नोकरी करणारा. तिचं लग्न आधी झालं. काकू तिशीला आल्या तरी जमत नव्हतं. शालूला दिवस गेले तेव्हा तिने अक्काला बोलावून घेतलं. आईची तब्येत बरी नव्हती, आणि अक्का काय, मोकळीच होती. काकू गेल्या. बाळंतपण केलं, बाळाला न्हाऊमाखू घातलं, स्वयंपाक केला, दुपटी धुतली. रविवारी शालू आणि तिचा नवरा गाडी काढून मोठमोठी जुनी घरं, बागा बघायला जायचे. लहान बाळाला थंडीत कुठे न्यायचं, म्हणून काकू घरी थांबायच्या. परत आल्यावर शालू बागेचं वर्णन करून सांगायची.

"एका दुपारी तिच्याकडे कुणी इंग्रज बाई चहाला आली," काकू म्हणाल्या. "मी ट्रे घेऊन गेले. बाईनं विचारलं, ही कोण? शालूनं एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताला हळद लागलेली होती, साडी खोचलेली. आणि म्हणाली, 'शी इज माय हेल्प.'"

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. माझा वेग फारच कमी झाला होता.

"तू पुढे बघ," काकू म्हणाल्या. "मी परत आले. वसतिगृहाची नोकरी धरली. पुढे लग्न झालं, यांची साथ चांगली मिळाली. शालूची पत्रं यायची, मी 'सर्व कुशल' एवढंच लिहायची. आई गेली तेव्हा फोनवर बोललो. भांडण म्हणशील तर झालंच नाही. मला खरंच कामवाली समजत होतीस का, असं तिला विचारलंच नाही मी कधी."

"का नाही विचारलंत?"

"हो म्हणाली असती तर?"

त्यांच्या पर्समध्ये ते कार्ड का होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या महिन्यात शालूचा नवरा गेल्याचा फोन आला. काकूंनी फोन ठेवला, देवापाशी दिवा लावला आणि जेवताना मुलाला म्हणाल्या, "मी इंग्लंडला जाऊन येते. कार्डाची मुदत संपायच्या आत."

"मावशीला भेटायला?"

"घरं बघायला."

"आणि उतरणार कुठे?"

"शालूकडे. हॉटेल कशाला उगाच?"

मुलगा वैतागला. एवढा लांबचा प्रवास, गुडघे दुखतात, एकटी कशी जाणार. सून मात्र म्हणाली, "जाऊ दे रे त्यांना. त्या कधी काही मागत नाहीत." सासू-सुनेतला हाही परस्पर करार असावा, कारण काकूंनी तिच्याकडे फार वेगळ्या नजरेने पाहिलं. पेन्शनचे साठवलेले पैसे होते. व्हिसाचे सोपस्कार झाले, आणि काकू मोज्यांवर बूट घालून विमानात बसल्या.

त्या नव्हत्या त्या दिवसांत मला नोकरी लागली, दुसऱ्या शहरातून इकडे बदलून आलेल्या एका मॅनेजरच्या हाताखाली. रोज मोटरवेने जाऊ लागले. तळव्यांना घाम यायचा कधी बंद झाला, हे माझ्या लक्षातही आलं नाही. काकूंना ते सांगायचं होतं. त्या परत आल्या तेव्हा मात्र मी सांगितलं नाही, कारण त्यांनाच मला बरंच काही सांगायचं होतं. मागच्या डेकवर उन्हात मटार सोलत त्यांनी सांगितलं. मुलाला सांगितला तो फक्त बागांचा भाग.

"पहिल्याच रविवारी म्हटलं, चल शालू, घर बघायला. ती काठी घेऊन चालते गं. माझ्यापेक्षा लहान असून माझ्यापेक्षा म्हातारी झालीय. फाटकात एक माणूस होता. माझं कार्ड बघून म्हणाला, 'न्यूझीलंड! यू केम अ लाँग वे.' म्हटलं, येस, व्हेरी लाँग. मला आत सोडलं. शालूकडे तिचं तिकडचं कार्ड होतंच."

"कसं होतं घर?"

"मोठं होतं. धूळ होती." त्यांनी एक शेंग फोडली. "मग चहाच्या खोलीत बसलो, आणि मी विचारलं. सरळ. म्हटलं, तू मला हेल्प का म्हणालीस?"

मी मटार सोलायची थांबले.

"तिला आठवतच नव्हतं."

"काय?"

"नाही आठवत. मी बाईचं नाव सांगितलं, पडद्यांचा रंग सांगितला. तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, 'असं म्हणाले मी, अक्का?' खोटं नव्हती बोलत. ते मला कळतं, हजार मुलींचं खोटं पकडलंय मी." काकूंनी दाणे वाडग्यात टाकले. "मला वाटायचं, ती तिकडे लाजत असेल. निदान कधीतरी तिला झोप लागत नसेल. आणि इथे मी एकटीच राखण करत बसले होते त्या गोष्टीची."

"मग?"

"मग ती म्हणाली, तिला काय आठवतं ते. मी गेल्यावर बाळ आठ-दहा दिवस सारखं रडलं. शालूकडे राहीना, दूध घेईना. शेवटी मी मागे ठेवलेल्या जुन्या साडीत गुंडाळल्यावर झोपलं. ती म्हणाली, 'अक्का, मी त्या दिवसांत तुझा इतका राग केला. तू न सांगता अशी तडकाफडकी निघून गेलीस, मला वाटलं तुला आम्ही जड झालो.' म्हणजे बघ. तीपण रागावलेली होती. माझ्यावर! मला ते कुठे माहीत?"

खाली कुणाच्या तरी बागेत गवत कापायचं मशीन चाललं होतं. काकूंनी पुढची शेंग उचलली.

"तुम्हाला राग नाही आला? विसरली म्हणून?"

"आला की. घरी येईपर्यंत होता. मग रात्री तिच्या गुडघ्याला तेल लावायला बसले, आणि मला हसूच फुटलं. ती म्हणते, काय झालं? म्हटलं, आता म्हण बघू मला हेल्प. तर ती रडायला लागली. मग मला तिची समजूत घालावी लागली. म्हणजे तिथेही कामाला मीच!"

आणि त्या इतक्या हसल्या की वाडगा कलंडला, आणि आम्ही दोघी डेकवर गुडघे टेकून फळ्यांच्या फटींतून मटार वेचत बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात शालूमावशी ऑकलंडला आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, पांढरे केस कापलेले, अंगात पँट आणि फुलाफुलांचा शर्ट. आणि तोंड उघडलं की अस्सल सांगलीचं, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी डब्यात बंद करून ठेवल्यासारखं मराठी. आमच्या कुणाच्याच तोंडी राहिले नाहीत असे शब्द. पहिल्या शनिवारी दोघींना मागे बसवून मी गाडी काढली. काकूंनी बहिणीला पुलाचं वर्णन करायला सुरुवात केली आणि बहिणीने "मला दिसतंय की अक्का" म्हणून ते तोडलं.

त्या उपसागराकाठच्या घरात जॉय होत्याच. शालूमावशींचं इंग्लंडचं कार्ड बघून त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे फार थोडे लोक आणतात," त्या म्हणाल्या. स्वयंपाकघरामागची खोली आता रिकामी, झाडून ठेवलेली होती आणि दाराशी 'कामाच्या मुलीची खोली' अशी एक छोटी पाटीही लागली होती. काकूंनी पाटी वाचली, खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि जॉयकडे बघून मान हलवली. जॉयचा चेहरा खुलला. वसतिगृहात किती मुलींनी त्या मान हलवण्याची वाट पाहिली असेल, असं मला वाटलं.

वरच्या मजल्यावर जायचा जिना मात्र उभा आणि अरुंद होता. शालूमावशींनी पहिल्या पायरीवर काठी टेकली, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "मला नाही जमायचं. तू ये जाऊन. मी बाहेर बसते."

"मी थांबते तुझ्याजवळ."

"थांबू नकोस. जा."

मी मावशींना बाहेर हिरवळीवरच्या बाकावर बसवलं. ऊन चांगलं होतं, वारा पाण्यावरून येत होता. थोड्या वेळाने वर लाकूड घासल्याचा आवाज झाला. वरची खिडकी कुणी उघडायची नाही, असा तिथे नियम होता. जॉय ती दोन्ही हातांनी वर ढकलत होत्या. मग काकूंचं डोकं बाहेर आलं.

"शालू! ऐकू येतंय का?"

"येतंय!"

"दोन पलंग आहेत. एक मोठा, एक पोरांचा. पांघरुणाला सुरेख विणकाम आहे, आपल्या आईच्या रुमालासारखं. आरसा आहे, पण डागाळलाय. जमीन करकरते!"

"कपाटं आहेत का?"

"एकच. त्याला कुलूप आहे. विचारते आहे मी किल्लीचं!"

हिरवळीवर आणखी दोन-तीन माणसं होती, ती मान वर करून बघत होती. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, त्या काय म्हणतायत? मी म्हटलं, त्या बहिणीला घर दाखवतायत.

शालूमावशींनी कपाळावर हात आडवा धरला होता. "अक्का," त्यांनी हाक मारली, "तिथून समुद्र दिसतो का गं?"

काकू जराशा बाहेर वाकल्या. जॉयने मागून त्यांच्या जाकिटाचं टोक धरलं.

"दिसतो," त्या ओरडल्या. "थांब, तुझ्यासाठी नीट बघते."